सुईच्या आधी, सुईच्या वेळी, सुईनंतर: लहान मुलांची दवाखान्याची भीती कशी कमी करायची

सरकारी लसीकरणाच्या वेळापत्रकात एक मोठी सुट्टी आहे. जन्माला बीसीजी (क्षयरोगाची लस), मग ६, १० आणि १४ आठवड्यांच्या लसी, नवव्या महिन्यात गोवर-रुबेला, १६ ते २४ महिन्यांत तिचा दुसरा डोस आणि डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वाताच्या लसीचा) पहिला बूस्टर, म्हणजे जोरडोस. त्यानंतर थेट ५-६ वर्षांचं झाल्यावर डीपीटीचा दुसरा बूस्टर. खासगीत जास्तीच्या लसी घेणारे सोडले, तर मधली तीन-साडेतीन वर्षं धडधाकट मुलाला सुईचं तोंडही पाहावं लागत नाही. तरी पाचव्या वर्षी तेच मूल आरोग्य केंद्राच्या दारात चौकट घट्ट धरून उभं राहतं. याच वर्षांत ते बोलायला, ऐकायला, गोष्टी लक्षात ठेवायला शिकलं, आणि सुईबद्दल त्याने जे काही ऐकलं ते घरात ऐकलं.

मी गोव्यात, डिचोली तालुक्यात लसीकरणाच्या खोलीत काम करते. पहिल्यांदाच आईबाबा झालेल्यांसाठी आणि नातवंडांना घेऊन येणाऱ्या आजी-आजोबांसाठी हे लिहिते आहे. यातलं बरंच काही फुकट आहे, कुठल्याही केंद्रात करता येतं, आणि करायला लागलात की पहिल्याच खेपेला फरक दिसतो.

आधी घरातली धमकी थांबवा

"जेवला नाहीस तर डॉक्टर सुई टोचणार." "दंगा केलास तर सिस्टरला बोलावते." असं वाक्य एकदाही कानावर पडलं नाही असं घर विरळा. शेजारी म्हणतात, दुकानदार म्हणतो, कौतुकाने गाल ओढणारे मामाही म्हणतात. मूल त्याचा अर्थ अगदी सरळ लावतं: सुई ही शिक्षा आहे. मग खरी सुई द्यायची वेळ येते तेव्हा ते मनातल्या मनात आपली चूक शोधत बसतं. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना आजारही आपल्याच खोडीमुळे झाला असं वाटू शकतं. म्हणून हे एकदा तरी स्पष्ट शब्दांत सांगायला हवं: "तू काही केलं नाहीस. सगळ्या मुलांना ही लस देतात. मलाही दिली होती."

घरातल्या मोठ्यांना थांबवणं अवघड जातं, हे मला ठाऊक आहे. "असं बोलू नका" म्हटलं की त्यांना लागतं. त्यापेक्षा कारण सांगा: "आजी, पुढच्या आठवड्यात त्याला खरंच सुई द्यायची आहे, तेवढं सुईचं नाव घेऊन नको दटावूया." नातवाचं हित दिसलं की आजी सगळ्यांच्या आधी ऐकतात, आणि मग त्याच इतरांना गप्प करतात.

सांगायचं कधी, किती

दोन वर्षांच्या आतल्या मुलाला आदल्या दिवशी सांगून उपयोग नाही, त्याला "उद्या" कळत नाही. निघताना किंवा दारात पोचल्यावर दोन वाक्यं पुरतात. तीन-चार वर्षांच्या मुलाला त्याच दिवशी सकाळी किंवा फार तर आदल्या संध्याकाळी सांगा. पाचच्या पुढच्या मुलाला दोन-तीन दिवस आधी सांगितलं तर त्याला प्रश्न विचारायला वेळ मिळतो. आठवडाभर आधी सांगितलं तर तो आठवडाभर काळजी करत बसतो.

फसवून कधीच नेऊ नका. "मार्केटात जाऊया" म्हणून केंद्रात आणलेलं मूल सुईला तर घाबरतंच, पण पुढे महिनाभर मार्केटात जायलाही तयार होत नाही. "अजिबात दुखणार नाही" हेही तसंच. सुई दुखते. एकदा दुखली की तुमचा पुढचा शब्द त्याच्या लेखी खोटा, आणि पुढच्या खेपेला त्याला धीर द्यायला तुमच्याकडे काही उरत नाही.

मग म्हणायचं काय? साधं आणि खरं. "सिस्टर दंडावर थंड कापूस लावेल. मग टोचल्यासारखं लागेल. तू मोठी फुंकर मारशील तोवर होऊनही जाईल. मी तुला मांडीवर घेऊन बसणार." यात काय होणार, किती वेळ होणार आणि आई कुठे असणार, या तिन्हींची उत्तरं आली. मुलाला खरं तर याच तीन गोष्टी जाणून घ्यायच्या असतात, त्यातही तिसरी सगळ्यात जास्त.

प्रश्न आले तर उत्तर द्या. "खूप दुखेल का?" असं विचारलं तर "कुणाला थोडं लागतं, कुणाला जास्त. तुला कसं लागलं ते तू मला सांग," एवढं पुरे.

घरी एकदा खेळून घ्या

औषध पाजायची, सुई नसलेली ५ मिलीची नवी सिरिंज फार्मसीत स्वस्तात मिळते. ती, थोडा कापूस आणि एक चिकटपट्टी मुलाच्या हातात द्या आणि स्वतः पेशंट व्हा. बाहुलीला, अस्वलाला, बाबांना लस द्यायला लावा. क्रम खरा ठेवा: बाही वर, कापूस, टोच, कापूस दाबून धरणं, पट्टी. खेळात तीच पायरी चार वेळा झाली की खोलीत तीच ओळखीची वाटते. दवाखान्यातून वापरलेली सिरिंज खेळायला मागू नका, कुणी देऊ केली तरी घेऊ नका.

काही मुलं बाहुलीला एकामागून एक दहा सुया टोचतात, रागाने टोचतात, "रडू नको!" म्हणून ओरडतात. घाबरू नका. आत साठलेलं ती खेळातून बाहेर काढत असतात. "बाहुलीला कसं वाटतंय आता?" असं विचारून बघा, कळत नकळत मूल स्वतःबद्दलच सांगायला लागतं.

याच खेळात फुंकर शिकवा. नारळाच्या झावळीचं भिरभिरं करून द्या आणि ते एका लांब, हळू फुंकरीत किती वेळ फिरतं ते मोजा. साबणाचे फुगेही चालतात. लांब श्वास सोडताना अंग आपोआप सैल पडतं, आणि सैल दंडावर सुई कमी लागते. आयत्या वेळी "श्वास घे" म्हटलेलं मुलाच्या डोक्यात शिरत नाही, पण "भिरभिरं फिरव" म्हटलेलं शिरतं, कारण ते त्याने घरी केलेलं असतं.

निघताना

बाही सहज वर जाईल असे सैल कपडे. ज्या मांडीत लस आहे ती पटकन मोकळी करता येईल अशी चड्डी. पाण्याची बाटली, थोडा खाऊ, एक आवडतं खेळणं आणि एक मुलाने आजवर न पाहिलेलं खेळणं, जे फक्त खोलीतच बाहेर काढायचं. लसीचं कार्ड. भुकेलेलं आणि झोप मोडून आणलेलं मूल निम्मं हरलेलं असतं, म्हणून वेळ निवडता येत असेल तर त्याची झोपेची वेळ टाळा.

बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात), म्हापशाच्या किंवा मडगावच्या जिल्हा इस्पितळात जायचं असेल तर हिशोब वेगळा. वाळपई-केरीकडून निघालेलं मूल पोचतं तेव्हाच थकलेलं असतं, मग केस पेपर, मग ओपीडीबाहेरचं बाकडं. शक्य असेल तर दोघांनी जा. एकाने रांगेत उभं राहायचं, दुसऱ्याने मुलाला व्हरांड्यात फिरवायचं. इंजेक्शनच्या खोलीच्या दाराशी बसून दुसऱ्या मुलांचं रडणं ऐकत थांबायला लावू नका.

आणखी एक गोष्ट, जी आपल्याकडे विशेष लागते. घरात मराठी बोलणाऱ्या मुलाशी तिथे कुणी कोकणीत बोलेल, कुणी हिंदीत, कुणी इंग्रजीत. पाच वर्षांच्या पोराला कोकणी बहुधा समजते, हिंदीचं सांगता येत नाही. सिस्टर काय म्हणाली ते तुम्ही त्याच्या कानाशी त्याच्या शब्दांत पुन्हा सांगा. अनोळखी खोलीत अनोळखी भाषा हेही भीतीचं एक कारण असतं, आणि ते दूर करायला दोन वाक्यं लागतात.

धरायचं कसं

याबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे, कारण खोलीत सगळ्यात जास्त बिघडतं ते इथेच. मुलाला टेबलावर उताणं झोपवायचं, एकाने पाय दाबायचे, दुसऱ्याने हात, तिसऱ्याने डोकं. काम होतं, पण मुलाला सुईपेक्षा ते दाबून धरणं जास्त दिवस लक्षात राहतं. उताणं पडलेल्या माणसाला मोठ्या वयातही असहाय वाटतं.

बसवा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली लसीच्या वेळचं दुखणं कमी करण्याबद्दल सूचना दिल्या, त्यात तीन वर्षांपुढच्या मुलाला बसवून लस द्यावी आणि त्याहून लहानाला आईबापांनी जवळ धरावं, हे आहे. घरच्या माणसाला मांडीवर धरू द्या, असं तुम्ही मागू शकता. दोन तऱ्हा शिकून घ्या.

दंडावर सुई असेल तर मुलाला तुमच्याकडे तोंड करून मांडीवर बसवा, त्याचे पाय तुमच्या कमरेच्या दोन्ही बाजूंना. छाती छातीला टेकलेली. ज्या दंडात सुई नाही तो हात तुमच्या बगलेखालून पाठीमागे जाऊ द्या, म्हणजे तो मिठीतच अडकतो. दुसरा दंड सिस्टरकडे. त्या हाताचा कोपर तुमच्या तळव्यात हलकेच धरा. मुलाला ही मिठी वाटते, आणि सुईसाठी दंड स्थिर राहतो.

मांडीत सुई असेल तर मुलाला आडवं, तुमच्या छातीशी एक खांदा टेकवून बसवा. जवळचा हात तुमच्या पाठीमागे, लांबचा तुमच्या हातात. त्याच्या पोटऱ्या तुमच्या दोन गुडघ्यांमध्ये आणि तुमचा दुसरा तळवा त्याच्या गुडघ्यावर. पाय उडाला तर एवढ्याने आवरतो.

ज्याच्या मांडीवर मूल बसणार तो माणूस शांत हवा. आईला स्वतःलाच सुई बघवत नसेल तर त्यात कमीपणा काही नाही, बाबांनी किंवा मावशीने धरावं आणि आईने बाहेर पट्टी आणि पाणी घेऊन तयार राहावं. तुमचं काळीज धडधडत असतं ते छातीशी टेकलेल्या मुलाला कळतं.

आणि मूल पार बेभान झालं असेल, लाथा मारत असेल, तर थांबा. लस दहा मिनिटांनी दिली तरी चालते, दुसऱ्या दिवशी दिली तरी चालते. बाहेर जाऊन पाणी प्या, पुन्हा या. खोलीत गर्दी असली तरी हे मागायला लाजू नका. तातडीचे उपचार असतील तेव्हा मात्र थांबता येत नाही. तेव्हा धरावं लागलं तर धरा, आणि नंतर त्याला सांगा की का धरलं.

टोचताना

मुलाला निवड द्या, पण खरीच निवड असेल तिथे. "टोचू का?" हा प्रश्न विचारू नका, कारण "नको" म्हटलं तरी टोचणारच असता. "बघायचंय की माझ्या खांद्यावर डोकं ठेवायचंय?" "पट्टी कुणी लावायची, तू की सिस्टर?" दोन्ही दंड चालत असतील तर "उजवा की डावा?" एवढ्याशा अधिकारानेही मूल सावरतं. बघायचं म्हणालं तर बघू द्या. काही मुलांना पाहिल्यावरच धीर येतो.

"घाबरू नको, घाबरू नको, काही नाही, काही नाही" असा जप बहुतेक सगळे करतात. मायेपोटीच करतात. पण पुन्हा पुन्हा म्हटल्याने मुलाला वाटतं की घाबरण्यासारखं नक्कीच काहीतरी आहे, नाहीतर आई एवढी का सांगते. "सॉरी गं सोन्या" यानेही तेच होतं. त्याचं लक्ष दुसरीकडे न्या, तेही प्रश्न विचारून, कारण प्रश्नाचं उत्तर द्यायला डोकं चालवावं लागतं.

गेल्या पावसाळ्यात एक आजी नातवाला पाच वर्षांच्या बूस्टरला घेऊन आल्या. पोरगा दारातच अडला होता. आजींनी ओढलं नाही. स्वतः आधी बाकावर टेकल्या, पदराने कपाळ पुसलं, त्याला मांडीवर आडवा घेतला आणि विचारलं, "अरे, चवथीला आपल्या माटोळीला काय काय बांधलेलं?" (माटोळी म्हणजे गणपतीच्या वर टांगलेली, फळं-पानं बांधलेली चौकट.) पोरगा हुंदके देतच म्हणाला, "नारळ." "आणि?" "सुपारी. केळी." "आणि तुझ्या बाबांनी रानातून काय आणलेलं?" तो आठवायला लागला. माझा कापूस लागला तेव्हा तो "चिबूड" म्हणाला. "आंबाडे" म्हणता म्हणता मी सुई दिली. त्याचा चेहरा आक्रसला, "दुखलं!" म्हणाला. आजी म्हणाल्या, "हो, दुखलं. झालं आता." दोन क्षण गेले आणि पोराने डोळे पुसत सांगितलं, "कांगलां राहिली, आजी."

आजींनी "दुखलं" हे मान्य केलं, हे मला फार मोलाचं वाटतं. "कुठे दुखलं, मुंगी चावली नुसती," असं त्या म्हणाल्या असत्या तर पोराला ते पुन्हा पटवून द्यावं लागलं असतं, मोठ्याने रडून.

रडू द्या. "मुलगे रडतात का?" हे वाक्य माझ्या खोलीत मी कुणाला बोलू देत नाही. रडायला बंदी नाही, दंड तेवढा हलवायचा नाही, एवढंच मुलाकडून मागा. मागणं एकच असलं की ते त्याला जमतं.

तान्ह्या बाळांचं

दीड महिन्याच्या बाळाला एकाच भेटीत दोन्ही मांड्यांत आणि उजव्या दंडावर मिळून तीन सुया लागतात, शिवाय तोंडाने द्यायची पोलिओ आणि रोटाव्हायरसची लस. तोंडाच्या लसी आधी देतात. त्या झाल्या की बाळाला अंगावर घ्या आणि पाजता पाजताच सुया देऊ द्या. दूध, आईचा वास, ऊब आणि चोखणं, या सगळ्यांनी मिळून दुखणं कमी होतं, हे चांगलं सिद्ध झालेलं आहे. आडोसा हवा असेल तर मागा, मिळतो. एकापेक्षा जास्त सुया असतील तेव्हा जास्त झोंबणारी शेवटी द्यायची असते.

घरून मध चाटवून आणू नका, वर्षाच्या आतल्या बाळाला मध धोक्याचा. दुखू नये म्हणून आधीच पॅरासिटामॉलही पाजू नका, सुईचं दुखणं त्याने कमी होत नाही. नंतर ताप आला तर किती द्यायचं ते केंद्रावरच विचारून घ्या. सुई दिलेली जागा चोळायची नाही.

पावसाळ्यातला ताप: रोजचं रक्त आणि सलाईन

जून ते ऑक्टोबर आपल्याकडे डेंगीचे दिवस. मुलाला ताप आला की रक्त, दुसऱ्या दिवशी परत रक्त, प्लेटलेट बघायला परत. लसीची सुई एकदा होऊन जाते, ही रोज येते, आणि मूल तेव्हा आधीच तापाने मलूल असतं. ताप उतरला तरी रक्त काढणं थांबत नाही, कारण डेंगीत ताप उतरतानाचा काळच जास्त जपायचा असतो. हे आईबाबांना माहीत नसलं की तेही वैतागतात, आणि मुलाला वाटतं सगळे उगाचच छळताहेत. त्याला सांगा: "ताप गेला, पण रक्त अजून बरं झालंय का ते बघायचंय."

रक्ताबद्दल मुलांची एक भीती असते जी ती बोलून दाखवत नाहीत: सगळं रक्त निघून गेलं तर? भोकातून सांडत राहिलं तर? म्हणून त्यांना पट्टी इतकी हवी असते. सांगा की एक चमचाभर किंवा त्याहून कमी रक्त घेतात आणि शरीर नवं तयार करतं. पट्टी हवीच म्हणालं तर गरज नसली तरी लावा.

शीर लवकर सापडावी म्हणून डॉक्टरांनी बंदी घातली नसेल तर भरपूर पाणी, ओआरएस, पेज पाजा आणि हात गरम ठेवा. एसीच्या खोलीत बसलेल्या मुलाचे हात गार पडतात आणि शिरा आत जातात. "सगळ्या तपासण्यांचं रक्त एकदाच काढता येईल का?" हे विचारा. ठरवून करायची तपासणी असेल तर डॉक्टरांना लिग्नोकेन-प्रिलोकेनच्या मलमाबद्दल विचारा. ते साधारण तासभर आधी लावून वरून झाकावं लागतं, मग कातडी बधिर होते. फार लहान बाळांना ते डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय लावायचं नाही.

सलाईन लावलं की मूल हात ताठ धरून बसतं, हलवतच नाही. त्याला वाटतं सुई आतच आहे. खरं तर सुई लगेच बाहेर काढलेली असते, आत राहते ती मऊ प्लास्टिकची बारीक नळी. एवढं सांगितलं, सिस्टरला बाहेर काढलेली सुई लांबून दाखवायला लावली, की त्याची बोटं सैल पडतात. शीर शोधायला दोन-तीन वेळा टोचावं लागलं तर थोडं थांबायला, किंवा जास्त सराव असलेल्या कुणाला बोलवायला सांगा. शांत आवाजात मागितलंत तर राग येत नाही कुणाला.

वाफ, एक्स-रे, प्लास्टर, दात

दमट हवेमुळे म्हणा, बुरशीमुळे म्हणा, छाती भरलेली मुलं आपल्याकडे पुष्कळ. नेब्युलायझरला आपण वाफ म्हणतो, पण तो गरम नसतो, हे आधी सांगा. मुलं चटक्याला भीत असतात. मशीनच्या आवाजाला जास्त घाबरतात, म्हणून मास्क न लावता आधी नुसतं चालू करून दाखवा. रडणाऱ्या मुलाच्या छातीत औषध नीट पोचत नाही, तेव्हा पाच मिनिटं समजूत घालण्यात गेली तरी ती वाया जात नाहीत. नंतर छाती जोरात धडधडली किंवा हात थरथरले तर तो औषधाचा परिणाम, त्यालाही तसं सांगा.

एक्स-रेला काही टोचत नाही. स्टॅच्यू खेळायचं आणि मशीनने फोटो काढायचा. आई गरोदर असेल तर आत दुसऱ्या कुणी जायचं.

प्लास्टर कापायची करवत बघून मोठी माणसंही दचकतात. तिचं पातं गोल फिरत नाही, नुसतं थरथरतं, त्यामुळे कडक प्लास्टर कापलं जातं आणि मऊ कातडी त्याबरोबर हलून सुटते. डॉक्टरांना ते स्वतःच्या तळव्याला लावून दाखवायला सांगा. आवाजासाठी मुलाचे कान झाका. जागा गरम लागली तर लगेच सांगायचं, हे त्याला सांगून ठेवा.

दातांच्या डॉक्टरकडे पहिल्यांदा दात दुखत नसतानाच न्या, पहिल्या वाढदिवसाच्या आसपास. बांबोळीच्या दंत महाविद्यालयात काय, गावातल्या डॉक्टरांकडे काय, आधी सांगायचं, मग दाखवायचं, मग करायचं, ही पद्धत लहान मुलांच्या दंतवैद्यांना शिकवलेलीच असते. त्यांना तेवढा वेळ द्या.

ऑपरेशन असेल तर

उपाशी ठेवणं हीच मुलासाठी पहिली परीक्षा. साधारण नियम असा: जेवण सहा तास आधी बंद, आईचं दूध चार तास, स्वच्छ पाणी दोन तास. पण भूलतज्ज्ञ सांगतील तोच शेवटचा शब्द. का उपाशी राहायचं ते मुलाला सांगा आणि त्याच्यासमोर बसून खाऊ नका. घरात कुणी माया करून बिस्किट दिलं तर ते लपवू नका, डॉक्टरांना सांगा, कारण भरल्या पोटी भूल देणं खरंच धोक्याचं असतं.

"झोपवतील" एवढंच म्हणून सोडू नका. रात्रीची झोप आवाजाने मोडते, ही मोडली तर काय, असं मुलाला वाटतं. "ही औषधाची वेगळी झोप. काम चाललेलं तुला काहीच कळणार नाही. काम झालं की डॉक्टर औषध थांबवतात आणि तू उठतोस." भूल लागेपर्यंत आणि शुद्धीवर येताना आईला किंवा बाबांना जवळ थांबता येईल का, हे आदल्या दिवशीच विचारा. काही ठिकाणी देतात, काही ठिकाणी नाही. नाही म्हणाले तर तेही मुलाला आधी सांगा: "दारापर्यंत मी, मग सिस्टर, आणि उठशील तेव्हा परत मी." दारात आल्यावर चोरून निसटू नका.

घरी आल्यावर

मुलाला सुई जशी झाली तशी आठवत नाही, आपण जशी सांगतो तशी आठवत जाते. संध्याकाळी मावशीला फोनवर "बाई गं, काय गोंधळ घातला त्याने, चौघांनी धरला!" असं सांगताना मूल शेजारी बसून ऐकत असतं. तेच त्याचं पुढच्या वेळचं पाठांतर. त्याऐवजी खरं आणि नेमकं सांगा: "दुखलं त्याला, रडला थोडा, पण दंड अजिबात हलवला नाही. फुंकर तर केवढी लांब मारली." "शूर आहेस" असं मोघम म्हणण्यापेक्षा त्याने काय केलं ते सांगितलेलं जास्त लक्षात राहतं.

आइस्क्रीम द्यायचं तर सरसकट द्या. "रडला नाहीस तर" असं म्हणून नको.

लसीच्या कार्डाला एक चिठ्ठी जोडून त्यावर काय जमलं ते लिहून ठेवा: आडवं बसवलेलं चाललं, बघायचं होतं, उजवा दंड. पुढच्या वेळी कोण सिस्टर असेल कोणास ठाऊक, तिला ही चिठ्ठी दाखवा. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांच्या आईबाबांनी तर हे आवर्जून करावं आणि आवाज, स्पर्श, उजेड यातलं काय सोसत नाही ते आत जाण्याआधीच सांगावं. अशा मुलाला गर्दी व्हायच्या आधी, पहिल्याच नंबरला घेता येतं.

एवढं करूनही भीती राहिली तर

काही मुलं स्वभावतःच हळवी असतात, काहींना तान्हेपणी इस्पितळात फार सोसावं लागलेलं असतं. त्यांना वेळ लागतो. केंद्रावरून जाताना नुसतं आत डोकावून सिस्टरला हात करून यायचं, पुढच्या वेळी वजन करून यायचं, त्याच्या पुढच्या वेळी दंडाला नुसता कापूस लावून घ्यायचा. सुई नसलेल्या अशा भेटींना आम्ही नाही म्हणत नाही, फक्त लसीकरणाच्या गर्दीचा दिवस सोडून या.

सुई पाहून चक्कर येत असेल तर आधीच सांगा. अशा मुलाला आडवं करूनच सुई देतात आणि नंतर थोडा वेळ पडून राहायला लावतात. इस्पितळातून आल्यावर काही आठवडे उलटूनही मूल रात्री दचकून उठत असेल, सुटलेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू झालं असेल, किंवा भीतीपायी औषधोपचारच टळत असतील, तर तुमच्या बालरोगतज्ज्ञांना तसं स्पष्ट सांगा आणि समुपदेशकाकडे पाठवायला सांगा. जाताना मुलाला हेही सांगून ठेवा की त्या खोलीत सुई नसते.